तिला विचारलं होतं का?

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग जिथून सुरू होतो, ती कळंबोली एरवी लोखंड बाजारासाठी ओळखली जाते. २०११ मध्ये तिचं नाव वर्तमानपत्रांत आलं ते तिथल्या एका खासगी संस्थेमुळे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींवर तिथे लैंगिक अत्याचार होत होते. २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने मुख्य आरोपीला फाशी सुनावली. गुन्हेगार ठरला, शिक्षा झाली. पण जिचं म्हणणं कोणी कधी ऐकूनच घेत नाही, तिच्यावरचा अत्याचार बाहेर कळणार कसा, हा प्रश्न निकालाने सुटण्यासारखा नव्हता.

त्याची मुळं जुनी आहेत. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारमान्य संस्थेतल्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या अकरा जणींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण दिलं गेलं, पाळीच्या दिवसांतल्या स्वच्छतेचं. स्त्री संघटना खवळल्या आणि उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. निर्णय घेणारे सगळे दुष्ट होते असं मानायचं कारण नाही. त्यांना ही काळजीच वाटत होती. सोय मात्र सांभाळणाऱ्यांची पाहिली गेली, आणि पोटावर टाके पडले मुलींच्या.

पाश्चात्त्य देशांत याच्या उलट विचार हळूहळू रुजत होता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५१ मध्ये उपचाराच्या केंद्रस्थानी समोरच्या माणसाला आणलं. ब्रिटनमध्ये टॉम किटवुड यांनी १९९७ च्या पुस्तकात स्मृतिभ्रंश झालेल्यांबद्दल तेच मांडलं: आजाराआधी माणूस बघा.

आपल्याकडे हा विचार आला तो मुख्यतः कायद्याच्या वाटेने. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. २००९ मध्ये चंदीगडच्या सरकारी संस्थेतल्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि बलात्कारातून गर्भवती राहिलेल्या तरुणीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. प्रशासनाला गर्भपात हवा होता, तिला मूल हवं होतं. न्यायालयाने तिचा शब्द मानला. शिरूरपासून तिथवर पंधरा वर्षं गेली होती. पुढे २०१३ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने अपंगत्व असलेल्या पीडितेचा जबाब दुभाष्या किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने घेऊन त्याचं चित्रीकरण करायची तरतूद केली. हातवारे, खुणा, चेहरा हेही सांगणंच आहे, हे कायद्याला एकदाचं पटलं.

न्यायालयाबाहेरच्या रोजच्या आयुष्यात ते पटवणं अवघड. मोठ्या वसतिगृहात सकाळी कपाट उघडलं जातं आणि ज्याला जो सदरा बसेल तो त्याच्या अंगावर चढतो. उवा नकोत म्हणून सगळ्यांचे केस बारीक. जेवण लवकर, कारण रात्रपाळीला माणसं कमी. यात क्रौर्य नाही, पण निवडही नाही. दोन सदरे समोर धरून ‘कुठला?’ एवढं विचारायला पैसा लागत नाही. मात्र हातातली घाई बाजूला ठेवावी लागते. एकट्या मावशीला पुष्कळ जणींच्या आंघोळी उरकायच्या असतील, तर घाईचा दोष तिच्यावर टाकून चालणार नाही.

चेन्नईच्या ‘द बॅनियन’ या संस्थेने यावर एक उत्तर शोधलं. मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं अडकलेल्या चार-पाच जणींनी साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहायचं आणि मदतनीस सोबत असायची. ‘होम अगेन’ नावाचा हा प्रयोग रत्नागिरीतही आला. भाजी कुठली आणायची, इथपासून तिथे वाद होऊ शकतो, आणि तो व्हायलाच हवा.

मुलांच्या संस्थांसाठी २०१६ च्या बाल न्याय नियमांत प्रत्येक मुलाचा वैयक्तिक देखभाल आराखडा सांगितला आहे. त्यात आहार, आरोग्य, शिक्षण यांच्या रकान्यांबरोबर मुलाच्या स्वतःच्या अपेक्षांचाही रकाना आहे. तो भरायला अधिकारी आणि समुपदेशक बसतात. न बोलणाऱ्या मुलीला भेंडी आवडत नाही, पावसाच्या आवाजाला ती घाबरते, हे जिला ठाऊक असतं ती आंघोळ घालणारी मावशी. तिलाही त्या बैठकीत खुर्ची मिळाली, तर तो रकाना नुसत्या सहीसाठी राहणार नाही.