अखंड नोंदीचें ऋण

ज्या कामाचें फळ आपल्या हयातींत हातीं यावयाचें नाहीं, तें करीत राहण्यास मनुष्य बांधलेला आहे काय? प्रश्न जुना आहे. पण समुद्राच्या निरीक्षणाच्या निमित्तानें तो आज नव्यानें उभा राहिला आहे.

पृथ्वीवर सांठणाऱ्या जादा उष्णतेपैकीं शेंकडा ९० हून अधिक भाग समुद्र पोटांत घेतो. तेव्हां हवामान कसें पालटतें आहे हें समुद्रालाच विचारलें पाहिजे. आणि समुद्र एकदोन वर्षांत उत्तर देत नाहीं. मुंबईस अपोलो बंदरावर भरती-ओहोटीची नोंद १८७८ पासून झाली. ते आंकडे उतरून ठेवणारांच्या मनांत तापत्या पृथ्वीचा विचारही नव्हता; पण समुद्राची पातळी चढत आहे हें ठरवितांना आज तेच आंकडे साक्षीस येतात. हिंदुस्थानच्या हवामानखात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांना पर्जन्याचें भाकीत शोधतांना हिंदी व पॅसिफिक महासागरांवरील वायुभारांतला झोका उमगला, तोही अनेक अनामिकांच्या जुन्या नोंदींतूनच. समुद्राच्या उष्णतेशीं त्याचें नातें ब्यर्कनेस यांनीं उलगडून दाखविलें, तोंवर १९६९ साल उजाडलें होतें.

आज ‘आर्गो’ योजनेचीं सुमारें ४००० तरंगतीं यंत्रें दर १० दिवसांनीं २००० मीटर खोलीवरून वर येतांना पाण्याचें तपमान व क्षारता मोजतात. परंतु यंत्रें थकतात, आणि त्यांआधीं पुष्कळदा राज्यकर्त्यांचा उत्साह थकतो. एल् निनोची चाहूल घेण्यासाठीं विषुववृत्ताजवळ पॅसिफिकमध्यें नांगरलेल्या बोयांची रांग १९९४ सालीं पुरी झाली. पुढें देखभालीच्या खर्चास कात्री लागली आणि २०१४ च्या सुमारास तिच्याकडून निम्म्याहूनही कमी माहिती येऊं लागली.

कोणी म्हणेल, आजचा भुकेला दारीं उभा असतां उद्यांच्या मनुष्यासाठीं आंकडे कां जमवावे? आक्षेप पोकळ नाहीं. पण भाकीत चुकलें म्हणजे पहिला घाव कोणावर बसतो? पावसाकडे डोळे लावून बसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्यावर आणि वादळांत सांपडलेल्या कोळ्यावर. आजचा व उद्यांचा भुकेला हे परके नव्हेत.

शिवाय या कर्तव्याचा एक विशेष आहे. शाळा उशिरां बांधतां येते, रस्ता उशिरां दुरुस्त करतां येतो. परंतु न मोजलेलें वर्ष मागाहून कितीही द्रव्य ओतलें तरी मोजतां येत नाहीं. आम्हांस पूर्वजांनीं न मागतां दिलेलें हें ऋण आहे. त्यांना तें फेडणें अशक्य. तें पुढच्यांनाच फेडावें लागतें, आणि तेंही खंड न पडूं देतां.