गल्ल्यापाशी विचारलेले वय

मनुष्याचे वय विचारण्याचा अधिकार आपल्या समाजाने कोणाकोणास दिला आहे याची यादी करू गेल्यास तीत लग्न जमविणारे मध्यस्थ, शाळेचे मुख्याध्यापक, मतदान अधिकारी आणि न्यायाधीश यांची नावे सहज सुचतात. परंतु ज्याच्या हाती हा अधिकार कायद्याने सर्वांत अधिक प्रसंगी सोपविला आणि ज्याने तो सर्वांत कमी वेळा बजावला, तो दुकानदार मात्र त्या यादीत आपणांस आठवत नाही. वास्तविक महाराष्ट्रात बिअरसाठी २१ वर्षे, कडक मद्यासाठी २५, तंबाखूसाठी १८, फटाक्यांसाठी १८ आणि बंदूक व काडतुसांसाठी २१ अशा वयोमर्यादा कायद्याने घातलेल्या आहेत, आणि त्यांची अंमलबजावणी शिपाई वा तहसीलदार यांच्यापेक्षा गल्ल्यावर बसलेल्या मनुष्याकडूनच अधिक अपेक्षित आहे. (एकवीस वर्षांच्या तरुणाच्या हाती रिव्हॉल्व्हर देण्यास सरकार तयार असावे आणि व्हिस्कीच्या पेल्यासाठी मात्र त्याने आणखी चार वर्षे थांबावे, यातील तर्क ज्यांनी या मर्यादा ठरविल्या त्यांनाच ठाऊक.)

यांपैकी काडतुसांचा गल्ला आपल्यांतील बहुतेकांनी पाहिलेला नसतो. नगराहून करंजीचा घाट ओलांडून पाथर्डीकडे निघालेल्या वाटसरूस तिसगावच्या पेठेत बी-बियाणे, खते, कापड, भांडी आणि चहाची हॉटेले ओळीने दिसतात. परंतु काडतुसांचे दुकान ही असल्या पेठेत आढळणारी वस्तू नव्हे, त्यासाठी परवानाधारकास मोठ्या शहराचीच वाट धरावी लागते. तेथे जो व्यवहार घडतो तो आपल्याकडील इतर कोणत्याही खरेदीसारखा नसतो. ग्राहकाने प्रथम परवाना पुढे करावयाचा. त्यावर ज्या जातीचे हत्यार नोंदलेले असेल त्याच जातीचे काडतूस मागावयाचे. एका वेळी जवळ किती बाळगावीत आणि वर्षाकाठी किती घ्यावीत याचा आकडा परवान्यातच लिहिलेला असल्याने त्यापलीकडे एकही मागावयाचे नाही. आणि विकत घेतलेल्या मालाची नोंद दुकानाच्या वहीत तर व्हावयाचीच, परंतु खुद्द परवान्यावरही दुकानदाराच्या सहीनिशी व्हावयाची. ही वही दंडाधिकाऱ्यास वा पोलीस अधिकाऱ्यास केव्हाही मागता येते. अलीकडे परवानाधारकांची देशव्यापी नोंद होऊन प्रत्येकास स्वतंत्र क्रमांक मिळाला आहे, तेव्हा वही कागदाची असली तरी तिच्यामागे सरकारी दफ्तर उभे आहे.

या सर्व व्यवस्थेचा पाया म्हणजे १९५९ चा शस्त्र अधिनियम. १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अंमलात आला, आणि त्याच्या नवव्या कलमात वयाची अट आहे. मूळ कायद्यात ही अट अवघ्या सोळा वर्षांची होती, हे आज सांगितले तर पुष्कळांस खरे वाटणार नाही. १९८३ च्या दुरुस्तीने ती एकवीसवर नेली. परंतु या कलमाचे खरे वैशिष्ट्य वयाच्या आकड्यात नसून दुकानदारावर टाकलेल्या जोखमीत आहे. अज्ञान मुलाने शस्त्र बाळगू नये एवढे सांगून कायदा थांबत नाही. ज्याच्या बाबतीत मनाई आहे असे विक्रेत्यास ठाऊक आहे, किंवा तसे मानण्यास त्याच्यापाशी कारण आहे, अशा कोणाही मनुष्यास त्याने बंदूक अथवा काडतूस विकू नये, आणि विक्रीच्या वेळी ज्याचे चित्त ठिकाणावर नाही असे दिसते त्यासही विकू नये, असे ते कलम म्हणते. म्हणजे परवाना बिनचूक आहे, वय पुरेसे आहे, आकडाही मर्यादेत आहे, आणि तरीही समोरच्या मनुष्याचे डोळे तांबारलेले आहेत व हात थरथरत आहेत, अशा प्रसंगी ‘आज नाही’ म्हणण्याचा केवळ हक्कच नव्हे, तर कर्तव्य दुकानदाराकडे आहे. व्यापारी मनुष्यास सरकारने इतकी नैतिक जबाबदारी क्वचितच दिली असेल.

कायदा मात्र आंधळेपणाने कठोर नाही. ज्यास नेमबाजी शिकावयाची आहे अशा बारा वर्षांपुढील मुलास देखरेखीखाली सराव करता येतो, आणि ही मोकळीक नसती तर राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिस येथे ५० मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेत जे कांस्यपदक मिळविले त्याची तयारी पौगंडावस्थेतच सुरू होऊ शकली नसती. त्याचप्रमाणे शेताच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागणाऱ्या शेतकऱ्यास कायद्याने वेगळी आणि तुलनेने सौम्य वाट ठेवली आहे.

येथे इतिहासाची थोडी उजळणी करणे प्राप्त आहे, कारण शस्त्रबंदी म्हटली की मराठी मनास प्रथम पारतंत्र्यच आठवते, आणि ते अकारण नाही. लॉर्ड लिटन याच्या अमदानीत, देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा झाला त्याच १८७८ साली, हिंदुस्थानी प्रजेस निःशस्त्र करणारा कायदाही झाला, आणि युरोपियनांस त्यातून सूट दिली गेली. तेथे वयाचा प्रश्न दुय्यम होता. वर्णाचा प्रश्न मुख्य होता. त्यामुळे १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्कास स्थान मिळाले यात आश्चर्य नाही. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटनासमितीत हरी विष्णु कामत यांनी हाच हक्क राज्यघटनेत घालण्याची सूचना मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा की, आजच्या परिस्थितीत आग्रह धरावयाचा तो शस्त्र बाळगण्याच्या व्यक्तीच्या हक्काचा नव्हे, तर राष्ट्रासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा. सूचना फेटाळली गेली. आपल्याकडे काडतूस ही परवानगीने मिळणारी वस्तू राहिली, हक्काने मिळणारी झाली नाही, याचे मूळ या निर्णयात आहे. आणि तो निर्णय मला आजही शहाणपणाचा वाटतो.

ज्या देशाने उलट वाट धरली तेथे काय झाले, हे पाहण्यास फार लांब जावे लागत नाही. आज पुष्कळ मराठी घरांतील मुलगा वा सून अमेरिकेत आहे, आणि तेथे दूध, ब्रेड नि मुलांच्या वह्या ज्या छताखाली मिळतात त्याच छताखाली काडतुसांची कपाटेही दिसल्याचे त्यांनी घरी सांगितलेले आहे. १९६८ च्या संघीय कायद्याने तेथील परवानाधारक विक्रेत्यास रायफल व शॉटगनच्या काडतुसांसाठी १८ आणि इतर काडतुसांसाठी २१ अशी वयोमर्यादा पाळावयास लावली. परंतु काडतुसांच्या विक्रीची नोंद ठेवण्याचे बंधन १९८६ साली काढून टाकले. तेथे वय विचारले जाते, पण कोणी किती नेली हे संघीय सरकारास सांगण्याचे कारण दुकानदारास उरलेले नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातील पार्कलँड येथे एकोणीस वर्षांच्या तरुणाने शाळेत सतरा जणांचे प्राण घेतले, त्यानंतर त्याच महिन्यात वॉलमार्टने कायद्याची वाट न पाहता सर्व बंदुका व काडतुसांसाठी आपली वयोमर्यादा २१ ठरविली. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये टेक्ससमधील एल पासो येथील त्यांच्याच दुकानात हत्याकांड झाल्यावर पिस्तुलांची काडतुसे विकणेच बंद करण्याचा निर्णय घेतला. कायदेमंडळ जेथे हलत नाही तेथे व्यापाऱ्याचे धोरण हलते, ही गोष्ट काहींस आशादायक वाटेल. मला ती अर्धीच आशादायक वाटते. कारण एका साखळीने नाकारलेले काडतूस रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या दुकानात मिळते, आणि प्रजेचे रक्षण हे एखाद्या कंपनीच्या संचालक मंडळाच्या मर्जीवर अवलंबून राहणे ही सुराज्याची खूण नव्हे.

आपली व्यवस्था या तुलनेत भक्कम आहे, असे म्हणून समाधान मानावे तर नगर जिल्ह्याच्या वृत्तपत्रांतील एक ठरावीक वाक्य आड येते: ‘एक गावठी कट्टा व जिवंत काडतुसे हस्तगत.’ कट्टा कोठून येतो हे आता गुपित राहिलेले नाही. चोपड्यापलीकडे मध्य प्रदेशाच्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी नावाचे गाव आहे, तेथील भट्ट्यांची कीर्ती पुण्या-नगरच्या पोलिसांस चांगली परिचित आहे. परंतु त्या वाक्याचा उत्तरार्ध आपण फार घाईने वाचतो. लोखंडाची नळी आणि घोडा कुशल कारागिरास भात्यावर करता येतात. काडतूस तसे सहज होत नाही, ते बहुधा कारखान्यात झालेले असते आणि कोठल्या तरी अधिकृत वाटेवरून निसटलेले असते. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. तेथून किंवा वरणगावच्या कारखान्यातून निघालेला माल दुकानदाराच्या वहीपर्यंत हिशेबात असतो, पुढे परवानाधारकाच्या घरी गेल्यावर हिशेब सैल होतो. लग्नाच्या वरातीत हवेत उडविलेली, कोणा मित्रास ‘दोन दे’ म्हणून दिलेली, हरवली म्हणून सांगितलेली काडतुसे कोणी मोजीत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाखापर्यंत दंडाची तरतूद केली आणि एका मनुष्याजवळच्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. परंतु बंदूक मोजणे सोपे आणि काडतूस मोजणे कठीण, ही अडचण त्याने सुटली नाही.

तिसगाव परिसरात बंदुकीचा विषय केवळ गुंडगिरीमुळे निघतो असेही नाही. २०२० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मढी, केळवंडी, शिरापूर या भागांत बिबट्याने लहान मुले उचलली, तेव्हा ‘आम्हांला बंदुका द्या’ असे म्हणणाऱ्या बापास वयोमर्यादा आणि वहीची महती सांगणे निर्दयपणाचे ठरले असते. तरीही सांगितले पाहिजे की बिबट्या हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे, त्यास मारण्याचा हुकूम मुख्य वन्यजीव रक्षकावाचून कोणी देऊ शकत नाही, आणि अंधारात उसाच्या फडाकडे झाडलेली गोळी बिबट्यापेक्षा फडात झोपलेल्या ऊसतोड्यास लागण्याचा संभव अधिक.

आता ज्या गल्ल्यापाशी तिसगावकरांचा खरोखर संबंध येतो, तेथे येऊ. फटाका हा कायद्याच्या दृष्टीने स्फोटक पदार्थ आहे. आणि १८८४ च्या स्फोटक पदार्थ कायद्यात मागाहून घातलेल्या ‘६-अ’ या कलमाने अठरा वर्षांखालील मुलास सरकारने ठरविलेले स्फोटक पदार्थ बाळगण्याची मनाई तर केलीच आहे, शिवाय अशा मुलास जाणूनबुजून विकणाऱ्यासही मनाई केली आहे. शब्दयोजना जवळजवळ शस्त्र कायद्याचीच. दिवाळीच्या तात्पुरत्या दुकानांसाठी २००८ च्या नियमांनी शेड न पेटणाऱ्या साहित्याची असावी, दोन शेडमध्ये किमान तीन मीटर अंतर असावे, समोरासमोर दुकाने नसावीत, वस्तीपासून पन्नास मीटर दूर असावीत, असे सारे बारकाईने सांगितले आहे. अंतर मोजण्यास टेप घेऊन मनुष्य येतो. वय मोजण्यास कोणी येत नाही. दहा वर्षांचा पोरगा ‘काका, सुतळी बॉम्ब द्या’ म्हणतो, काका देतात, आणि एकाच वाक्यात घडलेला हा गुन्हा गावातील एकासही गुन्हा वाटत नाही.

लवंगी आणि टिकल्यांच्या बाबतीत मीही त्यास गुन्हा म्हणणार नाही. ज्या बालपणात टिकल्यांचा पट्टा दगडाने ठेचला नाही ते बालपण पाहण्याची माझी इच्छा नाही. परंतु सुतळी बॉम्ब वेगळा. रानडुकरे हुसकावण्यासाठी तो आता बारमाही शेताच्या बांधावर असतो, आणि त्याच्याच जातीच्या गावठी स्फोटक गोळ्यांनी जनावरांचे जबडे फाटतात. पूर्वी पेठेत या साऱ्यावर एक अलिखित पहारा होता. मुलगा गल्ल्यापाशी आला की दुकानदार प्रथम ‘कोणाचा रे तू?’ म्हणून विचारी, आणि उत्तरावरून त्याचे वय, त्याच्या बापाचा स्वभाव नि घरात कोणी मोठे आहे की नाही, हे सर्व त्यास कळे. आधार कार्डावरची जन्मतारीख या ज्ञानापुढे फिकी आहे. पण रस्त्याच्या कडेला आठ दिवसांसाठी मांडव टाकणारा परगावचा विक्रेता कोणाचा कोण हे जाणत नाही, जाणण्याची त्यास गरजही नाही. आणि जेथे ओळख संपली तेथे वही सुरू झाली नाही, ही आपल्या फटाक्यांच्या बाजाराची खरी उणीव आहे. काडतुसांच्या दुकानी ओळख नसतानाही व्यवहार निर्धोक होतो तो विक्रेत्यास आपले नाव, ग्राहकाचे नाव आणि आकडा एका कागदावर लिहावा लागतो म्हणून.

लवंगीच्या माळेसाठी वही घालावी असे कोणी म्हणणार नाही. मात्र सुतळी बॉम्ब आणि त्याहून मोठा माल विकणाऱ्याने घेणाऱ्याचे नाव व गाव लिहून घ्यावे, अठरा वर्षांखालच्यास तो देऊ नये, आणि तात्पुरता परवाना देणाऱ्या कचेरीने तीन मीटरांच्या अटीशेजारी हीही अट ठळक अक्षरांत छापून ती तपासण्यासाठी मनुष्य पाठवावा, एवढी मागणी तिसगावच्या ग्रामसभेने ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे धाडण्यास नवा कायदा लागत नाही. ६-अ कलम आहेच.