गहाळ पानांची गाठ

ठाकुर्ली स्टेशनातून पश्चिमेस उतरून खाडीच्या अंगाला चालत गेले, की इमारतींच्या दाटीत अजून तग धरून राहिलेला म्हशींचा एक गोठा लागतो, आणि सकाळच्या फेरफटक्यात तेथे घटकाभर रेंगाळण्याची मला खोड आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका म्हशीच्या पुठ्ठ्यावर थोराड, करड्या पंखांची एक माशी बसलेली मी पाहिली. म्हशीने कातडी थरथरवली, शेपटीचा फटकारा मारला; माशी उठली आणि शेजारच्या म्हशीच्या पोटाखाली जाऊन तिने अर्धवट राहिलेले जेवण पुरे केले. पहिलीच्या काळ्या कातडीवर मोहरीएवढा रक्ताचा थेंब तेवढा उरला. "धूर केला की जातात, मास्तर," असे म्हणून गवळ्याने पेटत्या शेणीवर कडुनिंबाचा ओला पाला टाकला.

ज्या माशीविषयी मला लिहायचे आहे ती ही नव्हे. त्सेत्से माशीचा मुलूख सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेचा, आणि आपल्या देशात ती नाही. परंतु त्या गोठ्यात उभा असताना मला तिचीच आठवण झाली, याचे एक कारण दूध हे होते. घरातली सामान्य माशी शेकड्यांनी अंडी घालून निघून जाते आणि पुढची चिंता दैवावर सोपवते; त्सेत्सेची मादी मात्र एका वेळी एकच अंडे गर्भाशयात धारण करते, ते तेथेच उबते, आणि त्यातून निघालेल्या अळीला ती आपल्या शरीरातील एका ग्रंथीतून स्रवणारे, स्निग्धांश व प्रथिने यांनी युक्त असे खरेखुरे दूध पाजते. नऊ-दहा दिवसांनी जवळजवळ आईच्याच वजनाची ती पांढुरकी अळी जन्मास येते, सावलीतल्या भुसभुशीत मातीत शिरते, आणि थोड्याच वेळात तिची कातडी टणक होऊन तिचा काळपट कोष बनतो. त्या कोषातून महिनाभराने बाहेर पडणारी माशी, मग ती नर असो वा मादी, आयुष्यभर रक्ताखेरीज दुसरे अन्न घेत नाही. साऱ्या हयातीत आठ-दहा अपत्ये, हा एका मादीचा संसार. कीटकांच्या राज्यात एवढी काटकसर विरळा, आणि म्हणूनच ती मोडताही येते: मादी बहुधा एकदाच समागम करीत असल्यामुळे किरणोत्साराने वांझ केलेले नर विमानातून सोडून झांझिबारचे उंगुजा बेट १९९७ पर्यंत या माशीपासून मुक्त करण्यात आले.

निव्वळ रक्तावर जगणाऱ्याला ब जीवनसत्त्वांचा तुटवडा पडणारच. तो भरून काढण्यासाठी विगल्सवर्थिया नावाचा जीवाणू माशीच्या आतड्यालगत कायमचा तैनात असतो, आणि आईच्या दुधातूनच तो अळीला मिळतो. त्याला मारले की माशीची प्रजननशक्ती खुंटते. २०१४ मध्ये एका त्सेत्से जातीचे सुमारे ३६ कोटी ६० लाख अक्षरांचे आनुवंशिक दप्तर वाचून प्रसिद्ध झाले. त्यात बाराएक हजार जनुके आढळली, दुधाच्या प्रथिनांची जनुके ठळकपणे दिसली, आणि चव व वास ओळखणारी जनुके मात्र इतर माश्यांच्या मानाने कमी निघाली. जिला एकच पदार्थ खायचा आहे, तिने पंचपक्वान्नांची पारख कशाला बाळगावी?

अशी नोंद वाचताना आपल्याला वारसा म्हणजे केवळ जमा वाटतो, याचे मला नवल वाटते. वारशात गहाळ झालेल्या पानांचाही हिशेब असतो, आणि त्याचा विलक्षण पुरावा आफ्रिकेत नव्हे, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात सापडला.

तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. डेव्हिड ब्रूसने १८९५ मध्ये झुलुलँडमधील गुरांच्या रोगाचे मूळ ट्रिपॅनोसोम या सूक्ष्म परोपजीवीत शोधले आणि त्याचा वाहक त्सेत्से माशी असल्याचे दाखवले. पण त्याच्या पंधरा वर्षे आधी, १८८० मध्ये, ग्रिफिथ इव्हान्स याने तेव्हाच्या पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे घोडे आणि उंट यांच्या रक्तात असाच वळवळणारा जीव पाहिला होता. तेथे तर त्सेत्से नव्हती! त्या जनावरांचा रोग म्हणजे आपल्याकडील गुरांचे डॉक्टर ज्याला आजही सर्रा म्हणतात तो. आफ्रिकेतील ट्रिपॅनोसोमाला माशीच्या आतड्यात, जेथे साखरेचा दुष्काळ असतो तेथे, जगण्यासाठी पेशीतील एका वर्तुळाकार जनुकद्रव्याची गरज असते. सर्राच्या जीवाने ते द्रव्यच हरवले. त्सेत्सेच्या पोटात परतण्याची वाट त्यामुळे कायमची बंद झाली, परंतु त्सेत्सेच्या मुलखाची सरहद्दही उरली नाही. आता त्याला कोणतीही चावरी माशी पुरते: एका जनावराच्या अंगावरून जेवणाच्या मध्येच उठायचे, आणि सोंडेला लागलेले ओले रक्त घेऊन शेजारच्या जनावरावर बसायचे, एवढीच काय ती सेवा.

हा जीव माणसाला बाधत नाही, अशी समजूत होती, आणि ती निराधार नव्हती. आपल्या रक्तरसात अपोएल-१ नावाचे प्रथिन असते. ट्रिपॅनोसोम ते अन्न समजून गिळतो, आणि ते त्याच्या अंतरंगातील पडद्यांना छिद्रे पाडून त्याला फुगवून फोडते. असे असता २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एक शेतकरी पाच महिने येऊन-जाऊन तापाने फणफणत होता, आणि त्याच्या रक्ताच्या काचपट्टीवर ट्रिपॅनोसोम दिसत होते, कधी पुष्कळ, कधी नाममात्र. हा जीव आपले वरचे प्रथिनांचे कवच वरचेवर बदलतो. शरीराने एक पोशाख ओळखावा तोवर दुसरा अंगावर चढलेला असतो, म्हणून तापाच्या अशा लाटा. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. पी. पी. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रुग्ण २००५ मध्ये जगापुढे मांडला. मेंदूपर्यंत लागण पोहोचली नव्हती. १९१६ पासून माहीत असलेल्या सुरामिन या औषधाने तो शेतकरी बरा झाला.

प्रश्न उरला तो, हाच का? ब्रुसेल्सच्या विद्यापीठातील एतिएन पेस यांच्या प्रयोगशाळेने २००६ मध्ये त्याचे उत्तर दिले. आईकडून आलेली एक आणि वडिलांकडून आलेली एक, अशा या शेतकऱ्याच्या अपोएल-१ जनुकाच्या दोन्ही प्रतींत बिघाड होता, आणि ते प्रथिन त्याच्या रक्तात मुळी नव्हतेच. त्याच्या रक्तरसात ट्रिपॅनोसोम सुखाने पोहत राहिले. बाहेरून शुद्ध अपोएल-१ घालताच ते फुटू लागले. एका पानाविना निघालेला जीव, कोण जाणे किती उंटांच्या आणि बैलांच्या रक्तातून, दुसऱ्या पानाविना जन्मलेल्या माणसापाशी येऊन पोहोचला होता.

हे पान शाबूत असले तर सारे आलबेल, असेही नाही. पश्चिम आफ्रिकेत मूळ असलेल्या अनेक लोकांत याच प्रथिनाचे असे प्रकार आढळतात, की जे पूर्व आफ्रिकेतील हट्टी ट्रिपॅनोसोमालाही मारू शकतात. पण असा प्रकार आईवडील दोघांकडून आला तर मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका वाढतो, हे २०१० मध्ये उघड झाले.

पुढे त्या शेतकऱ्याच्या गावातील १८०६ लोकांचे रक्त तपासले गेले. पहिल्या चाचणीत ४१० जणांत या जीवाशी गाठ पडल्याच्या खुणा, म्हणजे प्रतिपिंडे, दिसली; रक्तरसाच्या फेरचाचणीत ती ८१ जणांतच पक्की ठरली. जिवंत ट्रिपॅनोसोम एकाच्याही रक्तात सापडला नाही. माश्या त्यांनाही चावल्या होत्या.