राहिलेली सही

गोव्यात मांद्रेच्या किनाऱ्यावरच्या एका योगशाळेत फेब्रुवारीची बॅच संपत आली होती. चोवीस दिवसांचं शिक्षक-प्रशिक्षण, एकूण २०० तास. शेवटच्या दोन दिवसांत प्रत्येकानं सोबतच्या विद्यार्थ्यांचा वर्ग घेऊन दाखवायचा, मग पांढरे कपडे, गळ्यात झेंडूची माळ, हातात प्रमाणपत्र आणि समुद्राकडे पाठ करून फोटो.

नाशिकची एक मुलगी त्या बॅचमध्ये होती. नोकरी सोडून आलेली, वडिलांनी मुदतठेव मोडून फी भरलेली. तिची आसनं बघत राहावीत अशी होती. तिनं वर्ग घ्यायला सुरुवात केली तेव्हा परीक्षक म्हणून पुण्याच्या ताई मागे बसल्या होत्या. पश्चिमोत्तानासन चालू होतं. मुलगी एका विद्यार्थिनीच्या मागे गेली, दोन्ही तळवे तिच्या पाठीवर ठेवले आणि खाली दाबले. त्या बाईच्या पायाची बोटं आखडली, श्वास थांबला, मान खांद्यांत गेली. मुलगी तोवर पुढच्या चटईकडे वळली होती. सूचना मात्र एकही चुकली नव्हती.

ताईंनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : "आसनं उत्तम. समोरच्या माणसाकडे अजून लक्ष नाही. वर्षभर कोणाच्या तरी हाताखाली शिकवावं, मग सही करीन."

शाळेचा मालक हादरला. माणूस वाईट नव्हता. नोव्हेंबर ते मार्च एवढाच त्याचा सीझन, जागेचं भाडं वर्षाचं, स्वयंपाक्यापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचे पगार त्यातूनच निघायचे. "ताई, तिनं पूर्ण पैसे भरलेत. एकीला थांबवलं आणि तिनं वाईट रिव्ह्यू टाकला, तर पुढची बॅच शेजारच्या शाळेत जाईल."

"मग फी घेताना सांगायचं होतं, की सही फीत धरलेली आहे," ताई म्हणाल्या.

प्रमाणपत्रावर त्यानं स्वतः सही केली. पुढच्या सीझनला ताईंना बोलावणं आलं नाही.

इथे थोडं थांबून हे २०० तास आले कुठून ते सांगायला हवं. अमेरिकेत १९९९ साली योगा अलायन्स नावाची संस्था निघाली. तिनं प्रशिक्षण देणाऱ्या शाळांची नोंदणी सुरू केली आणि २०० तासांचं माप जगभर रूढ झालं; ऋषिकेश आणि गोव्यातही तेच चालतं. पण ही संस्था शिकणाऱ्याची परीक्षा घेत नाही. शिक्षक तयार झाला की नाही, हे ठरवते ती शाळाच, आणि शाळेचं पोट भरतं ते त्या शिकणाऱ्याच्याच फीवर. ताई वेगळ्या, अय्यंगार परंपरेतल्या. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्याला आले आणि तिथेच राहिले. त्यांच्या पद्धतीत आधी काही वर्षं स्वतःचा अभ्यास, मग अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली उमेदवारी आणि नंतर परीक्षा. त्या परीक्षेत नापासही करतात. पैसे घेण्याला माझा आक्षेप नाही. नागपुरात जनार्दनस्वामींच्या मंडळानं विनामूल्य योगवर्ग चालवले, ते थोरच. पण शिक्षकालाही घर असतं. आक्षेप आहे तो नकार देण्याचा अधिकार फीबरोबर विकण्याला.

मुलगी नाशिकला परतली. गंगापूर रोडला भाड्याचा हॉल, भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र, दुपारी बायकांचा वर्ग. पहिल्या रांगेत एक काकू बसायच्या, साठी ओलांडलेल्या, वेळेच्या आधी हजर. एका दुपारी पुढे वाकताना त्यांची बोटं पावलांपर्यंत पोचत नव्हती. "अजून थोडं, काकू," म्हणत मुलीनं पाठीवर हात दाबले. काकूंच्या तोंडून बारीक "आई गं" निघालं.

"लागलं का?"

"छे, काही नाही गं." काकूंनी चटई गुंडाळली, भिंतीचा आधार घेत चपला घातल्या आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे निघाला. हाडं आधीच ठिसूळ होती, पाठीचा एक मणका दबला होता. अशा माणसानं जोर लावून पुढे वाकायचं नसतं, हे कुठलाही हाडांचा डॉक्टर सांगतो. काकूंना त्यांच्या डॉक्टरांनी ते सांगितलंही होतं.

मुलगी भेटायला गेली. काकू पलंगावर उताण्या पडलेल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं बाळा. मला वाटलं, तुला कळत असेल. भिंतीवर सर्टिफिकेट आहे ना."

त्या रात्री मुलीनं ताईंना फोन केला. सगळं सांगून झाल्यावर विचारलं, "तुम्ही माझा वर्ग पाहिला होता, तेव्हा मला का नाही बजावून सांगितलंत?"

"शेऱ्यात लिहिलं होतं. तुझ्या हातात तो कागद पडलाच नाही का?"

तो तिला कोणी दाखवलाच नव्हता.

नाशिकचा हॉल तिनं सोडला आणि ती पुण्याला ताईंच्या वर्गात गेली. पहिले काही महिने तिला कोणालाही हात लावायची परवानगी नव्हती. सकाळी ब्लँकेटच्या घड्या घालायच्या, पट्टे आणि खुर्च्या मांडायच्या, आणि वर्ग चालू असताना वहीत लिहायचं : कोणाचा श्वास कुठे अडकतो, कोण दुखलं तरी हसतं, कोणाला रक्तदाब, कोणाला काचबिंदू म्हणून शीर्षासन वर्ज्य. नवीन माणूस आला की आधी त्याच्याशी बोलायचं, मग चटई द्यायची. तिची वही वाचून ताई खुणा करत : हे पाहिलंस, हे सुटलं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे तपासायला त्यांनी क्ष-किरण यंत्र वापरलं होतं. ताईंकडे यंत्र नव्हतं, पण योग माणसावर तपासूनच शिकवायचा असतो, हा आग्रह तोच.

दुसऱ्या वर्षी ताईंनी तिला एका आजींच्या खांद्याखाली हात ठेवायला सांगितलं. तिनं आधी विचारलं, "आजी, हात लावू का? दुखतंय का कुठे?" वर्षअखेरीस ताईंनी कागदावर सही केली. तोपर्यंत सही मागायचं मुलगी विसरून गेली होती.

गोव्यातली ती शाळा चालू आहे, तिच्यासारख्या आणखीही पुष्कळ आहेत. तुमच्या घरातलं कोणी अशा प्रशिक्षणाला निघालं असेल, तर फी भरण्याआधी शाळेला एवढं जरूर विचारा : गेल्या वर्षी तुम्ही किती जणांना थांबवलंत? उत्तर "कोणालाच नाही" असं आलं, तर ते पैसे तिथे भरू नका.