किल्ल्यातला कोश

नगरच्या भुईकोट किल्ल्यात येणारा माणूस नेहरूंची खोली विचारतो. 1944 मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिलं गेलं, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. त्याच तटबंदीआड आणखी एक मोठं काम चाललं होतं. ते आम्हा नगरकरांच्या बोलण्यात येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नेहरूंचे सहबंदी आचार्य नरेंद्र देव तिथे वसुबंधूंचा ‘अभिधर्मकोश’ हा बौद्ध तत्त्वज्ञानाचा ग्रंथ हिंदीत आणत होते.

नरेंद्र देव मुळात फैजाबादचे वकील. बनारसला संस्कृत आणि शिलालेखांचा अभ्यास केला, मग कायद्याची पदवी घेतली, काही वर्षं वकिली केली. असहकाराच्या हाकेला ओ देऊन ती सोडली आणि 1921 मध्ये काशी विद्यापीठात गेले. पुढे समाजवादी चळवळ, तुरुंग, आणि पाठ न सोडणारा दमा. एवढ्या धकाधकीत बौद्ध तत्त्वज्ञान सुटलं नाही.

ग्रंथही साधा नाही. वसुबंधू पेशावरचे, म्हणजे गांधारातले. त्यांचं मूळ संस्कृत भारतातून नाहीसं झालं; ग्रंथ चिनी आणि तिबेटी भाषांतरांत जगला. बेल्जियमचे अभ्यासक पूसँ यांनी त्या भाषांतरांवरून तो फ्रेंचमध्ये आणला आणि त्या फ्रेंचवरून नरेंद्र देवांनी हिंदीत. दरम्यान राहुल सांकृत्यायनांना तिबेटात संस्कृत पोथी मिळाली होती. तिच्यातल्या कारिका, म्हणजे मूळ श्लोक, आपले संस्कृतचे अभ्यासक वा. वि. गोखले यांनी 1946 मध्ये छापल्या. वसुबंधू कारिकेत वैभाषिक या बौद्ध पंथाची बाजू मांडतात आणि त्यावरच्या स्वतःच्या भाष्यात सौत्रांतिक या दुसऱ्या पंथाच्या बाजूने तिची उलटतपासणी घेतात. कोर्टात वावरलेल्या माणसाला हा ग्रंथ जवळचा वाटला असेल, असं मला राहून राहून वाटतं.

वकील असून तत्त्वज्ञानाच्या भाषांतरात रमलेले नरेंद्र देव एकटे नव्हते. अमेरिकेत मिसूरीतल्या ओसिओला या छोट्या गावी थॉमस जॉन्सन नावाचे वकील होते. 1881 पासून ते ‘द प्लेटोनिस्ट’ हे नियतकालिक काढत आणि ग्रीक तत्त्वज्ञांची भाषांतरं छापत. अशा माणसांना अभ्यासाने पोट भरायचं नसतं. आपल्याला सापडलेला विचार मूळ भाषा न येणाऱ्यापर्यंत पोचावा, एवढीच त्यांची तळमळ. नरेंद्र देवांना इंग्रजीत लिहिणं जड नव्हतं, तरी त्यांनी हिंदी निवडली. अवघडातला अवघड विचार लोकांच्या भाषेत मांडता येतो, हा विश्वास याच जिल्ह्यातल्या नेवाशात शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी सिद्ध करून दाखवला आहे. म्हणून नरेंद्र देवांचं काम मला नगरच्या मातीशी परकं वाटत नाही.

1956 मध्ये ते गेले. त्यांच्या ‘बौद्ध धर्म-दर्शन’ या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो त्यांच्या पश्चात, आणि कोशाचं भाषांतरही नंतरच छापून आलं. त्याची एक प्रत किल्ल्यात लोकांना दिसेल अशी ठेवावी, आणि नगरच्या महाविद्यालयांनी त्यावर मराठीतून अभ्यासवर्ग सुरू करावेत.