भिंतीच्या पोटातला दगड

माझे वडील गवंडी. औसा तालुक्यात त्यांच्या हातच्या काही भिंती अजून उभ्या आहेत. काही ३० सप्टेंबर १९९३ ला पडल्या. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, बहुतेक आपल्याच घराच्या दगडमातीखाली.

पुढे कित्येक महिने वडिलांनी ओळंबा हातात घेतला नाही. एका संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "मी बांधलेल्या भिंतीखाली माणसं गेली. मला पाप लागलं का रे?"

मी नुकताच डिप्लोमा करून कामाला लागलो होतो. मला उत्तर देता आलं नाही.

आमच्याकडची भिंत म्हणजे दोन-अडीच फूट जाडी, कुठे त्याहून जास्त. बाहेरून दगडाचा एक थर, आतून एक, मधे माती आणि बारीक दगडांची भर. दिसायला किल्ला, पण ते दोन थर एकमेकांना धरून नसत. हादरा बसला की भर खाली दबते, थर फुगतात, भिंत पोट फुटल्यासारखी उलते आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर येतं. त्या माळवदावर दर पावसाळ्याआधी नवी माती चढवलेली, म्हणजे ओझं पिढ्यान्‌पिढ्या वाढतच गेलेलं. भिंतीच्या जाडीइतका लांब दगड, आरपार, दर दोन फूट उंचीला आणि चार-चार फुटांवर बसवला असता, तर थर एकमेकांना धरून राहिले असते. मी हे सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "लांब दगड मिळाला की आम्ही फोडून त्याचे दोन करायचो. दोन तोंडं मिळायची."

उभ्या राहिलेल्या घरांसाठी उपाय निघाला: भिंतीला आरपार भोक पाडायचं, वाकवलेली सळई घालायची, काँक्रीट भरायचं. खर्च फार नव्हता. तरी लोक नको म्हणत. कुणाला भोकानं भिंत कमजोर होईल असं वाटे, कुणाला आता दगडच नकोसा झाला होता, पाहिजे होता फक्त सिमेंटचा स्लॅब. पण सगळ्यात मोठी अडचण मला घरातच दिसली. नवी रीत घ्यायची तर आपली जुनी रीत चुकली होती हे आधी म्हणावं लागतं. वडिलांना ते गुरुद्रोहासारखं वाटे. मला नाही वाटत. त्यांच्या गुरूला हे कळलं असतं, तर त्यानंही लांब दगड फोडला नसता.

गावात दैवाचा कोप म्हणणारे पुष्कळ होते. दुःखातल्या माणसाशी मी वाद घातला नाही, पण ते मला कधीच पटलं नाही. जमीन आपल्या हातात नाही, भिंत आहे. भिंतही देवावर टाकली, तर पुढची भिंत तशीच बांधली जाणार. वडिलांच्या प्रश्नाला माझं उत्तर हे, उशिरा सापडलेलं: अजाणता घडलं त्याला प्रायश्चित्त असतं. कळल्यानंतरही जो दगडाचे दोन करतो, त्याचं पाप कोण धुणार? स्लॅब टाकून चार दिवसांत पाणी मारणं बंद करणारा, सळईत हात आखडणारा, मला त्याच रांगेत दिसतो. काँक्रीटच्या पोटातलंही बाहेरून दिसत नाही.

अशी भोकं पाडायला गेलो, तेव्हा एका म्हातारीनं आम्हाला अडवलं. भिंतीच्या कोनाड्यात तिचे देव होते. "लेकरा, देवाच्या अंगाला भोक पाडतूस व्हय?" मी खुणा कोनाड्यापासून हातभर सरकवल्या, तरी ती दारातून हलेना. दुसऱ्या दिवशी वडील आपण होऊन माझ्याबरोबर आले. चार महिन्यांनी छिन्नी धरली होती. दुपारपर्यंत पहिलं भोक पलीकडे निघालं. म्हातारीनं भोकाच्या तोंडाला हळदकुंकू लावलं आणि वडिलांकडे निरखून पाहिलं.

"तूच बांधली व्हतीस न्हवं रं ही?"

"होय मावशी. तवा ह्यो दगुड घालायचा राहिला."

मग पाटी उचलून ते पुढच्या खुणेपाशी गेले, चार फूट पलीकडे.