आडवा उभा राहणारा

मननाला बसताना विषय लहान घ्यावा आणि त्याच्यापाशी बराच वेळ थांबावं. आजचा विषय एवढाच: दुसऱ्याला पुढे जाता यावं म्हणून जो आडवा उभा राहतो, त्याचं आयुष्य. सावकाश वाचा. जिथे थांबायला सांगितलं आहे तिथे खरोखर थांबा, दोन-चार श्वास जाऊ द्या आणि मग पुढे या.

आधी मनानं वेल्ह्याला चला. गुंजवण्यातून राजगड चढा, चोरदरवाज्यानं पद्मावती माचीवर या, घोटभर पाणी प्या. मग बालेकिल्ल्याला बगल देऊन संजीवनी माचीच्या वाटेला लागा. माची लांबच लांब आहे, टप्प्याटप्प्यानं उतरत जाणारी. तिच्या कडेचा तट नीट पाहा. तो एकेरी नाही. आतला एक तट, मग एक खोल, चिंचोळी जागा आणि तिच्या पलीकडे बाहेरचा दुसरा तट. बुरुजांनाही बाहेरून असंच दुसरं कवच आहे, म्हणून त्यांना चिलखती बुरूज म्हणतात.

त्या चिंचोळ्या जागेत उभे राहा. एक हात आतल्या तटावर ठेवा, एक बाहेरच्या. दगड तोच, घडवणारे हात तेच, चुनाही तोच. तरी दोघांचं काम वेगळं. तोफेचा गोळा आला तर आधी बाहेरच्यावर बसणार. तो ढासळला तरी आतला तट लढता राहावा, हीच बांधणाऱ्यांची योजना होती.

इथे थांबा. बाहेरच्या तटावरचा हात लगेच काढू नका.

आता फार दूर जायचं आहे. अमेरिकेत त्यांचा स्वतःचा फुटबॉल खेळतात. चेंडू लांबुळका, बहुतेक हातानंच खेळायचा. एका बाजूला अकरा खेळाडू. चढाई करणाऱ्या संघाचे पाच जण चेंडूच्या रेषेवर शेजारी शेजारी असतात: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, कडेला टॅकल. या पाचांच्या रांगेला ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. त्यांच्या पाठीमागे क्वार्टरबॅक, म्हणजे डावाचा सूत्रधार. सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे देतो आणि डाव सुरू होतो. त्या क्षणाला स्नॅप म्हणतात. समोरून प्रतिपक्षाचे धिप्पाड गडी सूत्रधारावर झेपावतात. चेंडू कुणाकडे फेकायचा हे पाहायला त्याला अडीच-तीन सेकंद हवे असतात. ते सेकंद हे पाच जण मिळवून देतात.

त्यांतला कडेचा एक टॅकल डोळ्यांसमोर आणा. उंची साडेसहा फूट, वजन सव्वाशे-दीडशे किलो. एक हात जमिनीला टेकवून तो वाकलेला आहे. स्नॅप होताच तो उठतो आणि तोंड शत्रूकडे ठेवून मागे सरकतो, छोट्या तिरक्या पावलांनी, कंबर खाली ठेवून. दोन्ही तळवे प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर बसतात. आता धरायचं नाही, कारण पकडून ठेवलं तर दहा यार्डांचा दंड आहे. फक्त थोपवायचं. ज्याला वाचवायचं तो पाठीमागे आहे, दिसत नाही. चेंडू कुठे गेला तेही कळत नाही. लोकांचा जल्लोष कानावर आला की समजायचं, काम झालं.

आपल्याकडच्या मैदानांवर कबड्डीत कोपरा सांभाळणारा पाय धरतो, पकड यशस्वी होते, आणि गुणफलकावर गुण चढतो. या टॅकलला तेवढंही मिळत नाही. त्याच्या अंगावर ५० ते ७९ मधला आकडा असतो आणि त्या आकड्याचा गडी पुढे फेकलेला चेंडू झेलायला एरवी अपात्र धरला जातो. हजारो वेळा तो चोख काम करतो आणि कुणी त्याचं नाव घेत नाही. एकदा चुकला की पंच ध्वनिवर्धकावरून त्याचा आकडा पुकारतात.

थांबा. तुमच्या घरात किंवा कामाच्या ठिकाणी असा कोण आहे, ज्याचं नाव फक्त चूक झाल्यावर निघतं? उत्तर शोधायची घाई नको. चेहरा आपसूक येईल.

आता एका माणसाची कारकीर्द पाहू. जो थॉमस, विस्कॉन्सिन राज्यातला. २००७ साली व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले त्या दिवशी काही निवडक होतकरू खेळाडू न्यूयॉर्कच्या झगमगत्या सभागृहात जाऊन बसले होते, तसा तो बसला नाही. वडिलांबरोबर मिशिगन सरोवरावर मासे धरायला गेला. तिसऱ्याच क्रमांकावर क्लीव्हलंड ब्राऊन्स संघानं त्याला घेतलं. पहिल्या सामन्यापासून तो डाव्या टॅकलच्या जागेवर उभा राहिला. ही जागा अवघड. सूत्रधार उजव्या हातानं फेकणारा असेल तर त्याची पाठ डावीकडे वळते आणि त्या बाजूनं येणारा हल्ला त्याला दिसतच नाही.

थॉमस त्या जागेवरून हलला नाही. सलग १०,३६३ स्नॅप, मध्ये एकही न चुकवता. त्या वर्षांत त्याच्या पाठीमागचे सूत्रधार बदलत राहिले, प्रशिक्षक बदलत राहिले. संघ बहुतेक हंगामांत हरतच राहिला. २०१६ च्या हंगामात त्यांनी सोळा सामन्यांत एकच जिंकला, २०१७ मध्ये एकही नाही. अख्ख्या कारकिर्दीत त्याला बाद फेरीचा एकही सामना मिळाला नाही. २२ ऑक्टोबर २०१७ रोजी दंडाचा स्नायू फाटला आणि ती साखळी तुटली. पुढच्या मार्चमध्ये तो निवृत्त झाला. २०२३ साली त्याला त्या खेळाच्या सर्वोच्च सन्मानदालनात जागा मिळाली.

या आकड्यापाशी जरा बसा. हरणाऱ्या संघात, निकाल जवळजवळ ठरलेला असताना, चौथ्या सत्रात, हातपाय बधिर करणाऱ्या थंडीत, तो पुन्हा वाकतो आणि हात जमिनीला टेकवतो. सामना जाणार हे त्याला कळत असतं. पण पाठीमागच्या माणसाची हाडं या स्नॅपला शाबूत राहावीत, एवढं त्याच्या हातात असतं. विजय त्याच्या हातात नव्हता, कर्तव्य होतं. फळाची आशा न धरता कर्म करावं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते प्रत्यक्ष कसं दिसतं, हे पाहायचं असेल तर या १०,३६३ वेळा वाकलेल्या पाठीकडे पाहावं.

मात्र इथेच थांबलो तर मनन अर्धवट राहील. बाहेरच्या तटावर बसलेला गोळा मोजल्याशिवाय त्याचं कौतुक करणं बरोबर नाही.

माइक वेबस्टर पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर होता. १९७४ ते १९९० अशी १७ वर्षं तो खेळला, त्यांतली पंधरा त्याच संघाकडून. चार वेळा अजिंक्यपद मिळालं. प्रत्येक स्नॅपला समोरच्याशी डोक्यानं टक्कर, आणि सरावातल्या टकरा वेगळ्याच. निवृत्तीनंतर त्याची स्मृती ढळली, संसार विस्कटला, काही काळ तो मोटारीत झोपून दिवस काढत होता. २००२ साली पन्नासाव्या वर्षी तो गेला. बेनेट ओमालू या मूळ नायजेरियाच्या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला आणि वारंवार बसलेल्या धक्क्यांनी झालेला ऱ्हास त्यात आढळल्याचं २००५ साली प्रसिद्ध केलं. या खेळातल्या खेळाडूच्या मेंदूत तो आजार पहिल्यांदा नोंदला गेला तो असा, आडव्या उभ्या राहणाऱ्याच्या देहात. एकेक टक्कर किरकोळ वाटणारी. तिची नोंद कुठल्याच गुणफलकावर नव्हती. शरीरानं मात्र ती ठेवली होती.

इथे जास्त वेळ थांबा. त्याग या शब्दानं मन भरून येतं आणि तेवढ्यावर आपण समाधान मानतो. थोपवणाऱ्याच्या अंगावर काय काय बसलं, हे विचारायचं राहून जातं.

आता परत आपल्या मुलखात, भोरला या. रोहिड्याच्या परिसरातला हा मुलूख म्हणजे हिरडस मावळ. बांदल इथले देशमुख आणि शिंद गावचे बाजीप्रभू त्यांच्याकडचे देशपांडे. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरचा पन्हाळ्याचा वेढा चुकवून शिवाजी महाराज भर पावसात रात्री विशाळगडाकडे निघाले, तेव्हा बरोबर बांदलांचे मावळे होते. परंपरेत सहाशेचा आकडा सांगतात. पाठलाग जवळ आला तसे महाराज पुढे गेले आणि निम्मे मावळे बाजीप्रभूंबरोबर घोडखिंडीत आडवे उभे राहिले. महाराज गडावर पोहोचेपर्यंत खिंड सोडायची नाही, एवढंच काम. त्या दिवशी कुठला मुलूख जिंकायचा नव्हता. फक्त वेळ मिळवायचा होता, आणि त्यांनी तो जिवाच्या मोलानं मिळवला. महाराज विशाळगडावर आणि पुढे राजगडावर सुखरूप आले. बाजीप्रभू आणि त्यांचे बंधू फुलाजी यांच्या समाध्या विशाळगडावर आहेत.

पोवाड्यांमुळे बाजींचं नाव घरोघर पोहोचलं. बाकीच्या शेकडो मावळ्यांची नावं कोण घेतं? हिरडस मावळातल्या कितीतरी घरांत त्या पावसाळ्यात लावणीला माणूस परतलाच नसेल. खेळात देह झिजतो आणि खिंडीत देह पडतो. हे दोन्ही एका मापानं मोजता येणार नाही, मोजूही नये. मात्र एक प्रश्न दोन्हीकडे सारखाच उभा राहतो. जे घडू दिलं नाही, त्याचा हिशोब कुणी ठेवायचा?

या प्रश्नाचं उत्तर याच मुलखात दिलं गेलं. भोरजवळच्या कारी गावचे जेधे हे स्वराज्यातलं मानाचं घराणं. तलवारीच्या पहिल्या पानाचा, म्हणजे दरबारात सगळ्यांच्या आधी मिळणारा, मान त्यांच्याकडे होता. घोडखिंडीनंतर तो मान बांदलांना द्यायचं ठरलं आणि जेध्यांनी तो सोडला, असं सांगतात. मागची पिढी आठवा: बांदल एके काळी महाराजांच्या विरोधात होते. तरी ज्यांच्या आडवं उभं राहण्यानं राज्य वाचलं त्यांना पुढे बसवलं गेलं, आणि आधी पुढे बसणाऱ्यानं स्वतः सरकून जागा करून दिली.

थोपवणारा स्वतः हिशोब मांडू शकत नाही. त्याची पाठ आपल्याकडे असते, तोंड संकटाकडे. न झालेला अपघात, न तुटलेलं हाड, न फुटलेलं घर त्याला दाखवता येत नाही. त्याच्या मागून सुखरूप पुढे गेलेल्यालाच ते ठाऊक असतं. म्हणून हिशोब ठेवायची जबाबदारी पुढे गेलेल्याची.

शेवटी मघाशी डोळ्यांसमोर आलेला तो चेहरा पुन्हा आणा. आई असेल, थोरला भाऊ असेल, शिक्षण सोडून दुकानात बसलेली बहीण असेल, रात्रपाळीची परिचारिका असेल. तिच्या किंवा त्याच्या अंगावर आजवर काय बसलं असेल, ते एकेक करून मनात मोजा. गुडघे, पाठ, झोप, राहून गेलेल्या हौशी. मोजून झालं की तीन गोष्टी करा. जे तुमच्यापर्यंत पोहोचू दिलं नाही, ते त्यांच्यासमोर नाव घेऊन बोला. त्यांची पाळी आज तुम्ही घ्या. आणि घरातल्या पुढच्या कार्याला पहिलं पान कुणाचं हे ठरत असेल, तेव्हा तुम्ही सरका.